तुझ्या नंबरावर माझे दात

लिंबायत, सुरत
सोमवार, दुपारचं जेवण झाल्यावर

राजमान्य राजश्री दगाभाऊ यांस लिंबायतच्या भटूचा रामराम, आणि तो तुझ्या उजव्या कानात, कारण डावा लूमने खाल्लाय हे मला ठाऊक आहे. सुंदरावहिनींना नमस्कार, धाकट्यांना आशीर्वाद, म्हशीलाही काय असेल ते. इकडे आम्ही सारे खुशाल आहोत असं लिहायची रीत आहे म्हणून लिहितो, खरं काय ते पुढे येईलच. तुझी तब्येत कशी आहे हे मी विचारत नाही, कारण काल छगन गावाहून आला आणि त्याने ती न विचारताच सांगितली. तू म्हणे पारावर बसून केळी खातोस, जेवताना ठेचा आणि उडदाचे पापड मागून घेतोस, आणि संध्याकाळच्या गोळ्या बंद करून टाकल्यास, कारण तुझ्या दीपकने फोनवर सांगितलं की बापू, तुमचा रिपोर्ट फार चांगला आलाय. तेव्हा आधी एक काम कर. हातात केळं असेल तर ते खाली ठेव, तोंडात असेल तर थुंकून टाक, आणि गोळ्या आजच सुरू कर, हे पत्र पुरं वाचायच्याही आधी. त्या चांगल्या रिपोर्टात एक भानगड झालेली आहे आणि ती मी केलेली आहे. कशी केली ते सांगतो, पण मला मधूनच गोष्ट सांगता येत नाही हे तू जाणतोस, तेव्हा सुरुवातीपासून ऐकून घ्यावं लागेल.

हे सगळं फोनवर का सांगितलं नाही असं तू विचारशील. कारण तू फोन स्पीकरवर ठेवतोस. मागच्या वेळी तू माझ्या मूळव्याधीची चौकशी केलीस, मी भोळेपणाने सविस्तर उत्तर दिलं, आणि ते तुझ्या ओट्यावर बसलेल्या साऱ्या आळीने ऐकलं. (वहिनींच्या मावशीने त्यानंतर एक पाला वाटून पाठवला होता. तो कुठे लावायचा आणि कसा, हेही तिने छगनच्या तोंडून कळवलं होतं, भर लग्नात.) म्हणून पत्र. छगन संध्याकाळच्या गाडीने परत निघतोय, त्याला बजावलंय की दगाच्याच हातात द्यायचं आणि तिथे उभं राहायचं नाही. तसंही किती वर्षांनी मी पत्र लिहितोय. एके काळी आपल्या खोलीतल्या सगळ्यांची पत्रं मीच लिहायचो, आठवतं का? तू तिकडून खाटेवर पडल्या पडल्या सांगायचास, लिही, पाऊस झाला का, म्हशीला बघ. आणि मी त्याच्या खाली माझ्या मनाने लिहायचो की तुझी फार आठवण येते. ते वाक्य वहिनींनी आजपर्यंत तुझंच मानलंय. मी कधी हक्क सांगितला नाही, आजही सांगत नाही, फक्त नोंद असावी.

तर मुद्द्यावर येतो. किडनीवाल्या डॉक्टरांकडे आपण शेवटचे गेलो तेव्हा नेहमीप्रमाणे मी बरोबर होतो. (दीपकला एम्ब्रॉयडरीच्या कामातून सुट्टी मिळत नाही आणि मला घरात काम मिळत नाही, असा आमचा चांगला मेळ बसलाय.) डॉक्टर खाली वाकून तुझ्या पायांची सूज बघत होते आणि तू कशाला तरी हसलास. तिथेच चुकलास, कारण त्यांना तुझ्या हिरड्या दिसल्या. त्यांनी तुला आ करायला लावलं, बोटाने हिरडी नुसती दाबली आणि रक्त आलं. तू म्हणालास, साहेब, ते तर रोजचंच आहे. मग त्यांनी खुर्ची आपल्याकडे वळवून बराच वेळ समजावलं. तू माना डोलावत होतास, पण तुझा डावा कान त्यांच्याकडे होता हे मी पाहत होतो, म्हणून ते सगळं इथे परत लिहितो. किडनी खराब झालेल्या माणसाच्या हृदयावर आधीच ओझं असतं. असे पुष्कळ लोक किडनीने जातच नाहीत, त्याच्या आधी हृदयाने जातात. त्यात हिरड्या सडलेल्या असल्या की तिथली घाण तोंडापुरती राहत नाही, रक्तातून अंगभर फिरते, शरीर आतून सुजल्यासारखं राहतं, आणि त्याचा त्रास हृदयालाही होऊ शकतो. हिरड्या साफ केल्या म्हणजे हृदयाची हमी मिळाली असं नाही, हेही त्यांनी सांगितलं (म्हणूनच मला हा डॉक्टर आवडतो, उगाच गळ्यात माल मारत नाही), पण एक ओझं तरी उतरतं. म्हणून आधी दात दाखवा, मग पडद्यावर बघतात ती हृदयाची तपासणी करून घेऊ. तू म्हणालास, जरूर साहेब. आणि भाचीच्या लग्नाचं निमित्त काढून गाडीत बसलास. भाचीचं लग्न झालं, हळद उतरली, ती सासरी जाऊन पहिल्या माहेरपणालाही येऊन गेली, तू काही परत आला नाहीस. चालत्या लूममध्ये हात घालून तार जोडणारा माणूस दातांच्या डॉक्टरला घाबरतो, हे मी लिंबायतमध्ये कोणाला सांगितलेलं नाही. दोघातिघांना सोडून.

ट्रस्टच्या दवाखान्यात दातांचा नंबर तुझ्या नावावर मीच लावला होता. तो सहजी मिळत नाही. आणि ज्या दिवशी तो आला त्या दिवशी तू तिकडे आणि नंबर इकडे. दुसरा कोणी असता तर त्याने रद्द करून टाकला असता. पण मी जन्मभर खात्यात काम केलेला माणूस. (दीपकच्या पोराला परवा खातं म्हणजे काय ते मला सांगावं लागलं. लूमच्या शेडला सुरतेत खातं म्हणतात आणि त्याचा आजोबा तिथेच बहिरा झाला, हे तू त्याला कधी सांगितलं नाहीस का? त्याने मला गुजरातीत विचारलं, मी अहिराणीत सांगितलं, दोघांनाही निम्मं कळलं.) खात्यात लूम रिकामं उभं राहिलेलं चालत नाही. कारीगर नसेल तर त्याचा बदलीवाला पाहिजे. तुझी आई गेली तेव्हा तुझ्या लूमवर मी होतो. माझी अमृता जन्मली तेव्हा तू तुझी दिवसपाळी संपवून माझी रातपाळी केलीस आणि सकाळी तसाच, केसांत कापूस घेऊन, तिला बघायला आलास. नर्सने तुला आत सोडलं नाही, तर तू खिडकीतून बघितलंस आणि चुकून शेजारच्या खाटेवरच्या पोराची दृष्ट बोटं मोडून काढलीस. शेठने कधी आपलं तोंड पाहिलं नाही. तो फक्त आवाज ऐकायचा. आवाज चालू आहे म्हणजे कारीगर हजर आहे.

आणि त्या आवाजात बोललेलं ऐकू येत नसे, म्हणून आपल्या हाताच्या खुणा. दोन बोटांची कात्री म्हणजे धाग्याची तार तुटली, लूम थांबव. अंगठा ओठाला म्हणजे चहा आला. आणि बदलीवाला आला की तो मागून येऊन समोर उभा राहायचा, छातीवर तळवा ठेवायचा, मग तोच तळवा लूमवर, आणि मग दाराकडे बोट. तू जाय, मी उभा शे. मला आजही त्या खुणेइतकं बरं वाटणारं दुसरं काही आठवत नाही. दिवसभर थकून पाय लाकडाचे झालेले असायचे, आणि समोर तू, छातीवर तळवा ठेवून. त्यानंतर रस्त्यावरचा वडापाव, तुझी आठवण काढत काढत एकट्याने खाल्लेला, कारण तू आत माझ्या जागी उभा.

तर सांगायचं काय, नंबर वाया जाऊ द्यायचा नाही म्हणून मी तुझी फाईल घेऊन तुझ्या बदलीला गेलो. आमच्या सरलाने दारातच अडवून विचारलं होतं, दातस्नी बी बदली व्हस का? मी तिला सांगितलं, तुला खात्यातलं काही कळत नाही. माझा विचार साधा होता. नंबर चालू ठेवायचा, तिथे काय करतात ते आपल्या तोंडावर करून बघायचं, किती दुखतं ते बघायचं, आणि तुला कळवायचं की काही दुखत नाही, बिनधास्त ये. (तर हे कळवतो: काही दुखत नाही.)

पहिली फजिती बाहेरच झाली. आतून दगाभाई, दगाभाई अशा हाका येत होत्या आणि मी इकडेतिकडे बघत होतो की हा कोण बहिरा माणूस उठत नाही. शेवटी फाईलवरचं नाव वाचून शेजारच्या बाईने मला ढोसलं. आत डॉक्टरीणबाई गुजराती, आपल्या अमृताच्या वयाची, फार प्रेमाने बोलणारी. तिने विचारलेल्या सगळ्या प्रश्नांना मी धडाधड उत्तरं दिली. किडनीचा त्रास केव्हापासून, गोळ्या कोणत्या, पाणी किती पिता, सूज केव्हा येते, सगळं मला तुझ्यापेक्षा जास्त पाठ आहे. ती म्हणाली, काका, तुमच्यासारखा समजूतदार पेशंट आम्ही पाहिला नाही. फक्त लघवी किती होते ते विचारलं तेव्हा मी जरा अडखळलो, आणि तुझ्या इभ्रतीला धक्का लागू नये म्हणून थोडी वाढवून सांगितली.

मग त्या खुर्चीत आडवं केलं, डोळ्यांवर दिवा सोडला, म्हणाली, काका, मोढुं पहोळुं करो. मी मोठा आ केला. एका बारीक सळईने ती प्रत्येक दाताच्या मुळाशी खोली मोजत चालली आणि शेजारी उभ्या असलेल्या गायत्री नावाच्या नर्सला आकडे सांगत चालली, आणि प्रत्येक आकड्याला तिचा आवाज खाली खाली जात होता. कशाने दात घासता, असं तिने विचारलं. मी म्हणालो, मिश्री. ते तिला कळेना, पण गुजरातेत बायका तपकिरीसारखी बजर घासतात तसली भाजलेली तंबाखू, असं सांगितल्यावर तिने सळई खाली ठेवली आणि दोन्ही हात कमरेवर ठेवले. किती वर्षं, म्हणाली. मी वर्षं सांगितली नाहीत. मला एकदम आपला ओटा दिसायला लागला.

दगा, खरं सांगतो, त्या दिव्याखाली मला आपला नवागामच्या खोलीपुढचा तो ओटा दिसला. सकाळी आपण सगळे ओळीने बसलेले, उजवं बोट काळं, तोंडं फुगलेली, मधे वहिनींनी तव्यावर भाजून, वाटून, गावाहून पाठवलेल्या मिश्रीचा डबा. आदल्या दिवशी कोणाचं कोणाशी कितीही वाजलेलं असो, डबा सगळ्यांपुढे फिरायचा आणि ज्याच्याशी भांडण त्याच्यापुढेही जायचा. दात केव्हाच घासून झालेले असायचे, पण कोणी उठायचं नाही. अमृताचं नाव त्या ओट्यावर ठरलं. तुझ्या दीपकला शाळेत घालायचं की लूमवर, ते तिथे ठरलं. आपल्या खोलीतल्या लोटूने त्या ओट्यावरच सांगितलं की त्याच्या बायकोचं पत्र आलंय आणि तो आता गावीच राहणार, आणि सांगून पुन्हा बोट डब्यात घातलं. दातांसाठी कोण घासत होतं? आता मी सकाळी बेसिनसमोर उभा राहतो, बेसिनच्या वर आरसा आहे, आरशात मी एकटाच असतो आणि माझं तोंड काही बघण्यासारखं राहिलेलं नाही. सरला म्हणते, लवकर आटप. तेव्हा ओट्यावरची ती गंमत आपल्या हिरड्या खात होती, हे त्या पोरीकडून ऐकताना मला राग आला नाही, नुसतं वाईट वाटलं. आपली सगळ्यात चांगली वेळ आणि सगळ्यात वाईट सवय एकाच डब्यात होती.

डॉक्टरीणबाई मात्र सांगत चालली होती. हिरड्या दातांपासून सुटल्यात, आत खोल खिसे झालेत, खालचे दोन दात हलताहेत, काका, हे असंच राहिलं तर तुमच्यासारख्या किडनीच्या माणसाला चांगलं नाही. आणि दगा, गंमत बघ, ती माझ्या तोंडात बघून बोलत होती आणि मला सारखं वाटत होतं की हे तुझे दात आहेत. मला तुझी इतकी कीव आली की डोळ्यांत पाणी आलं. तिला वाटलं दुखतंय. मग साफ करायला घेतलं तेव्हा मात्र एका ठिकाणी मला काही सांगायचं होतं, पण तोंडात कापूस आणि नळी, तेव्हा माझा हात आपोआप वर गेला आणि मी दोन बोटांची कात्री केली. डॉक्टरीणबाईला वाटलं मी कोणाचं तरी अभिनंदन करतोय, तिने काम चालूच ठेवलं. गायत्रीने मात्र तिचा हात धरला. गायत्रीचे वडील डिंडोलीत लूमवर होते.

निघताना डॉक्टरीणबाईने रक्तदाब बघितला, तो वर होता, पुन्हा बघितला, तरी वर. म्हणाली, पुढच्या वेळी खोलवर साफसफाई करायची आहे, तुम्ही किडनीचे पेशंट, तेव्हा त्याआधी ताजा रिपोर्ट पाहिजे, इथेच रक्त देऊन जा. आता इथे मी थांबायला हवं होतं. दात एक वेळ बदलीला चालतील, रक्त कसं चालेल? पण बदलीवाला पाळी अर्धी टाकून निघून गेला असं आपल्या खात्यात कधी झालेलं नाही. मी बाही वर केली.

पुढचं तुला अर्धं माहीत आहे. फाईलवर नंबर दीपकचा, म्हणून रिपोर्ट त्याच्या मोबाईलवर आला. तू गावी जायच्या आधी रक्त दिलं होतंस, तो रिपोर्ट आणायचा राहिलाच होता, त्याला वाटलं तोच हा. किडनीचा तो क्रिएटिनिनचा आकडा चारच्या वर होता तो एकदम दोनवर आलेला. पोराने तुला फोन केला आणि तसाच गोडादऱ्याहून पेढे घेऊन माझ्याकडे आला. माझ्या पाया पडला, म्हणाला, काका, तुम्ही बापूंना दवाखान्यात नेत राहिलात म्हणून हा दिवस दिसला. माझी छाती फुगली. मी दोन पेढे खाल्ले. तिसरा उचलत होतो तेव्हा सरला भांडी विसळता विसळता, पाठ न वळवता म्हणाली, पन रगत कोनं व्हतं?

दगा, पेढा माझ्या हातात तसाच राहिला. दीपक तोपर्यंत खाली उतरून गेला होता. मी खाटेवर बसलो. रक्त माझं होतं. म्हणजे तुझं जे होतं ते तसंच आहे, चारच्या वर. आणि दोन आहे ते माझं. चांगल्या माणसाचं एकच्या आत-बाहेर असतं हे तुझ्याबरोबर बसून बसून मला पाठ झालंय. तोच आकडा तुझ्या नावावर असला तर पेढे आणि माझ्या नावावर असला तर पथ्य. सरलाने हात पुसले, येऊन शेजारी बसली, आणि माझ्या हातातला पेढा घेऊन तिने डब्यात परत ठेवला.

दुसऱ्या दिवशी जाऊन मी डॉक्टरीणबाईला सगळं सांगितलं. तिला बदली म्हणजे काय हे समजावताना माझी पुरेवाट झाली. आधी ती हसली, मग एकदम चिडली, आणि चिडली ते बरोबरच होतं. म्हणाली, काका, तुम्हाला त्यांची औषधं आणि त्यांच्या नावावर तुमचं रक्त, यात दोघांपैकी कोणाचाही जीव गेला असता. मग माझ्या नावाने नवीन फाईल काढली, रक्त पुन्हा घेतलं, आकडा तोच आला. किडनीवाल्या डॉक्टरांनी मला पाहिलं, बाजूच्या रिकाम्या खुर्चीकडे पाहिलं आणि विचारलं, ते कुठे आहेत? त्यांना वाटलं मी तुझंच काहीतरी विचारायला आलोय. मी फाईल पुढे केली. गुडघ्यांसाठी मी मेडिकलमधून ज्या गोळ्या घेऊन खायचो त्या त्यांनी बंद केल्या, रक्तदाबाच्या चालू केल्या, मीठ तोडलं. म्हणाले, घाबरू नका, सांभाळलंत तर वर्षानुवर्षं जाईल. आणि मग त्यांनी हिरड्या आणि हृदयाचं तेच सगळं मला परत सांगितलं. मागच्या वेळी मी ते तुझ्या वतीने ऐकलं होतं. या वेळी ते मला ऐकू आलं.

काल छगनकडून कळल्यावर आज सकाळी तुझ्याबद्दल विचारायला पुन्हा त्यांच्याकडे गेलो. केळी, ठेचा, पापड, बंद गोळ्या, सगळं सांगितलं तेव्हा त्यांनी पेन खाली ठेवलं. केळ्यातलं पोटॅशियम तुमच्या मित्राच्या किडनीला बाहेर टाकता येत नाही, ते रक्तात साठतं आणि चालतं हृदय बंद पाडू शकतं, असे त्यांचे शब्द आहेत, मी एकही वाढवलेला नाही. आपण केळीच्या मुलखातले, आपल्याकडे आजारी माणसाला भेटायला जाताना घडच नेतात, त्यामुळे तुझ्याकडे किती जमलेत ते मला दिसतंय. ते सगळे पोरांना वाट. कोणी विचारलं तर सांग, भटूने रिपोर्टात घोळ घातला. माझी बदनामी झाली तर होऊ दे. दीपकला मी अजून सांगितलेलं नाही. त्याने पाया पडून दिलेले पेढे माझ्या घशात आहेत, आणि त्याला खरं सांगताना तू समोर असावास असं वाटतं, म्हणजे तो रडला तर कोणाकडे बघायचं ते मला कळेल.

तेव्हा हे पत्र मिळाल्याबरोबर पिशवी भर आणि मिळेल त्या गाडीने निघ. लिंबायत आता तुला ओळखू येणार नाही, तू गेलास तेवढ्यात आपल्या खात्याची भिंत पाडली आणि तिथे नवीन मशीनं येताहेत, ज्यांना म्हणे जवळ माणूस लागतच नाही. मी तिथे रोज संध्याकाळी जाऊन उभा राहतो. आवाज बंद आहे. इतकी वर्षं तो आवाज बंद व्हावा असं वाटायचं, आता तो बंद झालाय तर तिथे माझ्याशी बोलायला कोणी नाही. तू ये. सुंदरावहिनींनाही आण. सरला तुझ्यासाठी बिनमिठाचं करायला शिकलीये, नाइलाजाने, कारण घरात आता दुसरंही गिऱ्हाईक झालंय.

तुझा, आणि आजवर तुझ्या नावावर बरंच काही केलेला,
भटू

ता. क. वहिनींना सांग, आता मिश्री भाजून पाठवू नका. माझा डबा मी त्याच दिवशी फेकून दिला.

आणखी ता. क. डबा फेकलेला नाही. सरलाने लपवलाय. मी शोधला, सापडला, उघडून नुसता वास घेतला आणि परत तिथेच ठेवला. तू आलास की दोघं मिळून तो तापीत सोडू, एकट्याने होत नाही.

आणखी एक. वर मी लिहिलंय की काही दुखत नाही. ते तू यावंस म्हणून लिहिलं. दुखतं. पण इंजेक्शन देतात, आणि गायत्रीला आपल्या खुणा कळतात.

शेवटचं, आणि खरं तर एवढ्याचसाठी पत्र लिहायला बसलो होतो. खोलवर साफसफाईसाठी मला बोलावून झालं, मी गेलो नाही. हृदयाच्या त्या तपासणीला बोलावलं, तिथेही गेलो नाही. सरलाला सांगितलं, दगा आला की दोघांचं बरोबर करून घेऊ. तिला ते तुझ्यासाठी वाटलं. दगा, तुझ्या फाईलवर गेलो होतो तेव्हा मला काहीच वाटलं नव्हतं, माझं नाव लिहिलेली फाईल घेऊन त्या दारातून मला आत जाववत नाही. मला फार भीती वाटते. यात बदली चालत नाही हे आता मला कळलंय, तू माझ्या जागी खुर्चीत बसू नकोस, आणि तुझ्या जागी मीही बसणार नाही. फक्त तुझं झालं की बाहेर निघून जाऊ नकोस, मला दिसेल असा दारात थांब. बोलू काही नकोस, तिथे मशीनचा आवाज असतो. छातीवर तळवा ठेव आणि आत बोट दाखव. तू जाय, मी उभा शे.